चौदा खिळ्यांची फळी

आमच्या घराच्या दाराआड एक फळी ठोकलेली आहे आणि तिच्यावर चौदा खिळे आहेत. मी परीक्षेला बसले त्या पावसाळ्यापर्यंत त्यातल्या प्रत्येक खिळ्यावर वस्तीतल्या एकेका घराची किल्ली असायची. मला खरं सांगायचंय ते संगणक सुरक्षेच्या परीक्षेबद्दल, म्हणजे त्यातल्या अगदी पहिल्या पायरीच्या, नवशिक्यांच्या परीक्षेबद्दल. पण फळी बाजूला ठेवून ते सांगता येत नाही.

कान्हे स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची वस्ती. बायका बहुतेक सगळ्या कामावर जाणाऱ्या. कुणी आंबीच्या कंपनीत कॅन्टीनला, कुणी लोणावळ्याच्या बंगल्यांवर साफसफाईला, कुणी दवाखान्यात आया. सकाळी निघताना दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली माझ्या आईकडे द्यायची, हे मला कळतंय तेव्हापासून चालत आलेलं. शाळेतून पोरं आली की आई किल्ली देणार, गॅसची टाकी आली की आई जाऊन दार उघडणार, एखादीची सासू दुपारी आजारी पडून असली की आई डोकावून येणार. किल्ल्यांना खुणा होत्या. एकीला बांगडीचा तुकडा, एकीला शर्टाचं बटण, एकीला लाल चिंधी. आई मात्र खुणा न बघता नुसती हातात घेऊन सांगायची, कुणाची ती. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि गुडघ्यांनी तिला फुलांच्या पॉलिहाउसमधलं काम सोडायला लावलं होतं. मानाचं म्हणावं असं तिच्याकडे ही फळीच उरली होती. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणायचे.

पॉलिहाउसमध्ये तिने वर्षानुवर्षं गुलाब मोजले. वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या, पेटीवर आकडा टाकायचा. शाळा तिसरीपर्यंतच, पण आकडा एकदा कानावर पडला की कायमचा ध्यानात राहणार. त्यामुळे घरोघरी एटीएमची कार्डं आली तेव्हा बायकांनी सरळ आपापले पिन नंबर तिच्याकडे ठेवायला दिले. "अक्का, माझ्या टकुऱ्यात न्हाई ऱ्हात, तुमीच ध्यानात ठिवा." आणि मग कामशेतच्या एटीएमसमोर उभं राहून फोन, "अक्का, माझा नंबर काय वो?" आई भाकरी थापता थापता चार आकडे सांगायची. मागं रांगेतली माणसंसुद्धा ऐकत असतील. कधी कुणाचं काही गेलं नाही.

मी तेव्हा लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होते. एकोणतीस वर्षांची, बीएस्सी, आणि दिवसभर काम काय, तर वायफायचा पासवर्ड सांगणं. पाहुणे धुकं दिसलं नाही म्हणून माझ्यावर ओरडायचे आणि धुकं दिसलं की खोलीत ओल आहे म्हणून ओरडायचे. मला त्या काउंटरची शिसारी आली होती. पुण्यात एका कंपनीत, जिथे दिवसभर पडद्यासमोर बसून कुणी घुसखोरी करतंय का ते बघायचं असतं, तिथे ओळखीतून विचारलं तर उत्तर आलं, आधी प्रमाणपत्र आणा, मग बोलू. मी परीक्षेची फी भरली आणि अभ्यासाला लागले.

अभ्यास कुठे कुठे केला त्याला हिशेब नाही. लोकलमध्ये कान्हे ते लोणावळा, वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या अभ्यासिकेत, रिसेप्शनच्या खाली मांडीवर वही ठेवून. पण खरा अभ्यास घरी झाला, आईसमोर. संगणकाला आत-बाहेर करायला नंबर दिलेली दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि परीक्षेला ती पाठ लागतात. मी मोठ्याने घोकायचे आणि आई भाजी निवडत ऐकायची. आठवड्याने बघितलं तर माझ्याआधी तिचे पाठ.

"त्रेपन्न?" ती विचारायची.

"नावावरून पत्ता शोधायचं."

"चारशे तिरेचाळीस?"

"सुरक्षित वेबसाइटचं."

"म्हंजी कुलपाचं दार. आन बावीस?"

मी अडखळले की ती हसायची नाही, फक्त थांबायची. बावीस तिला चटकन आठवायचा, कारण बावीस फुलांची जुडी बांधली म्हणून एकदा तिचा रोज कापला गेला होता. प्रत्येक आकड्याला तिच्याकडे असं काहीतरी टांगलेलं असायचं. त्या दिवसांत आम्ही दोघी जितक्या बोललो तितक्या आधी कधी बोललो नव्हतो, आणि नंतर तर नाहीच.

पण चार बुकं शिकलं की माणसाला शिंगं फुटतात. 'माणसांकडून होणारा धोका' असा एक धडा होता. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे माणूस, भोळा, विश्वासू, मदतीला धावणारा. मी वाचत होते आणि मला समोर आईच दिसत होती. चौदा घरांच्या किल्ल्या, डझनभर पिन, सगळं एका बाईपाशी, आणि दार दिवसभर सताड उघडं. मी तिला सांगून बघितलं. एकदा नाही, रोज. पालथ्या घड्यावर पाणी.

"आगं, कोन नेतंय?" ती म्हणायची. "हितं समदी आपलीच हायेत."

"आपलीच म्हणूनच नेतात. पुस्तकात दिलंय."

"पुस्तक लिवणारा कुटं ऱ्हातो?"

या प्रश्नाचा मला फार राग आला.

खोटं नाव सांगून, खोटी गोष्ट रचून माणसाकडून माहिती काढून घ्यायची, याचाही एक धडा होता. मी ठरवलं, आईची परीक्षा घ्यायची. एका दुपारी रिसॉर्टमध्ये सामसूम होती. शेजारी बसणाऱ्या मुलीचा फोन मागून घेतला, ओढणी तोंडावर धरली आणि आवाज जाड करून हिंदीत सुरुवात केली. बँकेतून बोलतेय. तुमच्या शेजारी कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बाई आहेत, त्यांचं कार्ड आजच बंद पडेल, त्यांचा फोन लागत नाही, तुम्हाला त्यांचा नंबर माहीत आहे असं कळलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं ठेवला फोन, आणि मला बरंही वाटलं. मग आई म्हणाली, "तुमी जेवला का?"

मला हसू आवरेना. मी हिंदीतच म्हटलं, जेवण राहू द्या, नंबर सांगा, घाई आहे. आईने सावकाश, एकेक करून चार आकडे सांगितले. आणि विचारलं, "आनिक काय लागतंय का?" मी फोन ठेवला. शेजारची मुलगी तोंड वासून बघत होती. मी वहीत त्या धड्याच्या पानावर तारीख घातली, चार आकडे लिहिले, भोवती चौकट आखली. मुलाखतीत सांगायला उदाहरण मिळालं होतं. दुसऱ्याचा पिन वहीत लिहू नये, हे त्याच वहीत दोन पानं आधी माझ्याच अक्षरात होतं.

घरी मी काही बोलले नाही. आईनेही काही विचारलं नाही. फक्त ताट वाढल्यावर माझ्याकडे बघत म्हणाली, "कामावर समदं नीट हाय नव्हं? कुणी कायी बोलत न्हाई ना तुला?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "असलं तर सांगत जा." मला वाटलं, फोनवर आपण नंबर देऊन बसलो हे तिला सांगायचंय आणि जमत नाहीये. मनातल्या मनात मी तिला नापास करून टाकलं.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. सगळी वस्ती येते, शेवटी खीर असते. पलीकडच्या गावात एकाला फोनवरून कुणीतरी फसवलं होतं, म्हणून कमिटीच्या भाऊंनी मला सांगितलं, वाचन झाल्यावर दहा मिनिटं या विषयावर बोल. मी तयारी करून गेले. माईक हातात घेतला आणि छान बोलत होते. अनोळखी फोनवर काही सांगू नका. ओळखीचा आवाज वाटला तरी भुलू नका, हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करतात. आधी विचारा, कोण बोलतंय, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं बोलू नका. बायका माना डोलवत होत्या. एवढ्यावर थांबले असते तर सगळं ठीक होतं.

पण टाळीची चटक लागली होती. मी म्हटलं, "लांबचं कशाला, माझ्याच घरचं सांगते. मी स्वतः आईला बँकेची बाई बनून फोन केला. दोन मिनिटांत तिने एकीचा पिन देऊन टाकला. वर चोराला विचारते, तुमी जेवला का."

विहारात हशा पिकला. मीही हसले. मग हसू ओसरलं आणि मागून कुणीतरी विचारलं, "कुणाचा दिला गं?" मी नाव घेतलं नाही, पण कॅन्टीनच्या मावशीकडे बघून म्हटलं, "मावशी, उद्याच्या उद्या तुमचा नंबर बदलून घ्या." सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या, आणि मावशीकडून आईकडे.

आई भिंतीपाशी खिरीच्या वाट्या मांडत बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. पुन्हा वाट्या मांडायला लागली. खीर वाटताना मावशी तिला म्हणाल्या, "असूंदे अक्का, पोरगी शिकवायसाठी सांगतीया." आई म्हणाली, "व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. चहा घेतला, पावसाचं बोलल्या, सुनेच्या दिवसांचं बोलल्या. उठताना फळीपाशी गेल्या आणि बांगडीच्या तुकड्याची आपली किल्ली स्वतःच काढून घेतली. आजवर किल्ली आईने द्यायची आणि आईनेच घ्यायची, फळीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. "सून आता घरीच हाय," त्या म्हणाल्या. "किल्ली ठिवायचं काय काम न्हाई."

भांडलं कुणी नाही. भांडल्या असत्या तर आईने चार शब्द सुनावले असते आणि मिटलं असतं. एकीकडे सासू राहायला आली, एकीने नंबरचं कुलूप आणलं, एकीच्या पोराची शाळा दुपारची झाली. महिना संपायच्या आत चौदा खिळे मोकळे झाले. एटीएमवरून येणारे फोनही थांबले. संध्याकाळी कंपनीची बस हायवेला थांबल्याचा आवाज आला की आई सवयीने उठायची, दाराआड हात घालायची आणि तशीच उभी राहायची.

आणि मी काय करत होते? मला तर बरं वाटत होतं. धोका कमी झाला, असं मी खरोखर मनात म्हटलं होतं. एवढी मी गाढव होते, हे लिहून ठेवायलाच हवं.

आईने मला पोर्ट विचारायचं सोडून दिलं. मी एकदा मुद्दाम तिच्यासमोर घोकायला बसले, मुद्दाम चुकले. ती भाजी निवडत राहिली. ती चूक तिला नक्की कळली होती.

परीक्षा पुण्यात झाली. केंद्रावर घड्याळ, कानातलं, रुमालसुद्धा काढून कपाटात ठेवायला लावलं आणि कपाटाची किल्ली तेवढी माझ्या हातात दिली. ओळखपत्रावरचा फोटो आणि माझा चेहरा तीनदा पडताळून बघितला. प्रश्न अवघड नव्हते. मधेच एक आला, एखाद्या व्यवस्थेची परीक्षा घेण्यासाठी तिच्यावर खोटा हल्ला करायचा असेल तर सर्वात आधी काय हवं? चार पर्याय होते. मी बरोबर उत्तर निवडलं, मालकाची लेखी परवानगी. निवडलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. विहारातली आई डोळ्यासमोर आली, पण वेळ जात होता.

पडद्यावरच निकाल आला, पास. बाहेर येऊन आईला फोन केला. "बरं झालं," ती म्हणाली. "जेवलीस का?"

पुण्यातली नोकरी मिळाली. निघायच्या आठवड्यात आईला ताप भरला आणि गुडघाही सुजला. तिच्या पेन्शनचे पैसे काढायला ती नेहमी स्वतः कामशेतला जायची, त्यात ती कुणाला हात लावू देत नसे, मलाही नाही. त्या दिवशी मात्र कार्ड माझ्या हातात दिलं आणि चार आकडे सांगितले. मी मान हलवली आणि निघाले.

एटीएमसमोर दोन आकडे दाबले आणि तिसऱ्यावर बोट थांबलं. हे आकडे माझ्या ओळखीचे होते. उजळणी करताना ते पान मी किती वेळा उलटलं असेल, चौकट आखून ठेवलेलं. मागचा माणूस म्हणाला, "ताई, हुतंय का?" मी पैसे काढले, घरी आले, चपलासुद्धा न काढता वही शोधली. तेच चार आकडे होते.

आई गोधडी पांघरून पडली होती. मी वही तिच्यापुढे धरली, चौकटीवर बोट ठेवून.

"हा नंबर तू मला फोनवर दिला होतास. मावशीचा म्हणून."

"व्हय."

"हा तर तुझा आहे."

"मग? मावशीचा कशाला दीन मी?"

"म्हणजे तुला माहीत होतं, मीच आहे ते?"

"दुसऱ्याच शबुदाला वळकलं. हिंदी बोलाया लागली का तू नाकात बोलती, लहानपनापास्नं." तिने गोधडी वर ओढली. "वाटलं, चार मानसांत कुटंतरी आडकलीया पोर. कुणीतरी बोलाया लावतंय. निकड असल्याबिगर माजी पोर असं करायची न्हाई. मग म्हनलं, मावशीचं नगं, माजं घे. म्हनून तर इचारलं, जेवलीस का. तू काय बोललीच न्हाई."

मी खाली बसले. विचारलं, विहारात का नाही सांगितलंस?

"तू माईकपाशी उबी हुतीस," आई म्हणाली. "समद्यांत तुला खोटी पाडू व्हय?"

मला रडू आलं, आणि ते आईला आवडलं नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने मी विचारलं, हे आकडे कुठले निवडलेस. ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुजा धावीचा बैठक नंबर. शेवटचं चार." मला माझा बैठक नंबर आठवत नव्हता. ट्रंकेतून हॉलतिकीट काढून मी पडताळून बघितला.

त्याच संध्याकाळी मी मावशीकडे गेले आणि दारातच सगळं सांगितलं. चूक माझी, आईने तुमचा नंबर दिलाच नव्हता. मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं, आमाला काय अक्का म्हाईत न्हाई व्हय? मला तवाच वाटलं, कायतरी गफलत हाय." त्यांनी मला आत बोलावलं, चहा टाकला. मी विचारलं, मग किल्ली पुन्हा ठेवाल ना? त्यांनी दाराकडे बोट केलं. "ते नंबरचं बसवलंय आता. किल्लीच न्हाई त्याला." मी आणखी तीन घरी गेले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळ्यांना आईबद्दल वाईट वाटलं, आणि किल्ली कुणाचीच परत आली नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "कशाला गेलतीस?"

आता मी पुण्यात दिवसभर पडद्यासमोर बसते. कोण खरा, कोण खोटा, हे बघायचाच पगार मिळतो. पहिल्या महिन्यात मी माझ्या भाड्याच्या खोलीची जादा किल्ली आईकडे नेली, म्हटलं, ठेव फळीवर. तिने ती घेतली आणि डब्यात टाकली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला रोज फोन करते. माझं नाव तिच्या फोनवर फोटोसकट येतं. आई फोन उचलते आणि म्हणते, "कोन बोलतंय?"

ती चेष्टा करत नाही. चेष्टा करताना तिचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. एकदा मी म्हटलं, आई, मीच, आवाज ओळखत नाहीस का? ती म्हणाली, "आवाजावर जाऊ न्हाई. तूच सांगितलंस."

मग मी माझं नाव सांगते, पूर्ण. ती जरा वेळ थांबते.

"हां," आई म्हणते. "बोल."